शाही लिचीची पारख

तीस वर्षं मासळी विकली. कल्ला वर करून बघितला की होडी कधी किनाऱ्याला लागली तेसुद्धा सांगेन. बाजारात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी खुशाल म्हणायचे. मग सुनेनं लिची मागितली आणि माझी सगळी हुशारी चुलीत गेली.

सून बिहारची, लिचीच्याच मुलखातली. मुलगा न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला, ती तिथल्याच एका ऑफिसात. दोघांनी लग्न केलं आणि तिच्या माहेरचं दार बंद झालं. तिची आई तिचा फोनसुद्धा उचलेना. आता तिसरा महिना लागलेला आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. आमच्या अंगणात बोंबील वाळत घातलेले. वारा फिरला की बिचारी तोंडाला ओढणी लावून मोरीकडे धावायची. बोंबील काढून टाकावेत तर पावसाळ्यात खायचं काय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरतंय, चार दिवसांत काही पोटात राहिलं नाही तर दाखल करा. मी विचारलं, "बाय, काय खावंसं वाटतं गो?" ती एवढंच म्हणाली, "शाही लिची."

अलिबागला गेले. फळवाला म्हणाला, "सगळी शाहीच हाय, मावशी." म्हटलं, मला शिकवू नकोस. लाल कल्ला म्हणजे ताजी मासळी, त्याच हिशेबानं एकेक दाबून लालभडक तेवढी वेचली. सुनेनं एक सोलली, निम्मी खाल्ली, "चांगली आहे, आई" म्हणाली आणि मोरीकडे गेली. मला माझाच राग आला. परत आल्यावर विचारलं, "खरं सांग, ही ती न्हाय ना?" तेव्हा कुठे ती बोलली. शाही इतकी लाल नसते, गुलाबीवर हिरवट झाक असते, साल पातळ. आणि मुख्य म्हणजे वास, गुलाबासारखा. "माझी आई डोळे मिटून वासावर ओळखते," म्हणाली. दहा दिवसांत ती पहिल्यांदाच एवढं बोलली असेल.

दुसऱ्या दिवशी परत गेले. दोन गाड्यांवर लिची, दोन्ही गुलाबी, दोन्ही हिरवट. एक घोस नाकाशी धरला. वास आला तो मासळीचा, माझ्याच बोटांचा. लिंबू चोळून हात धुतले, पुन्हा हुंगलं. तेच. गाडीवाला ओरडला, "मावशी, हात नका लावू, गिऱ्हाईक पळतं." एरवी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी हात पदराखाली घेतले. ज्या हातांनी घर चालवलं तेच आड आले, आणि मला भर रस्त्यात रडू आलं.

सुनेच्या मोबाइलमधून तिच्या आईचा नंबर मी केव्हाच उतरवून ठेवला होता, अडीअडचणीला असावा म्हणून. तो लावला. अनोळखी नंबर म्हणून असेल, पण बाईनं उचलला. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, मैं आपकी बेटी की सास. उसको कुछ पचता नहीं. शाही लिची मांगती है, और मेरे को पहचान नहीं.

 वाटलं, आता ठेवणार. मग आवाज आला, "एक छीलिए." दोन्ही गाड्यांवरची एकेक विकत घेऊन सोलली. साल कागदासारखी निघते का, रस हातावर उतरतो का, तिनं एकेक विचारलं. पहिल्या गाडीवरचीची साल जाड निघाली. दुसरीचा रस मनगटापर्यंत आला. "वही लीजिए," ती म्हणाली. आणि मग हळूच, "कौन सा महीना है?"

"तीसरा," मी म्हटलं. "बहन, एक बार उससे बात करो."

"मैंने बताया, यह उसे मत कहिएगा. इनको पता चला तो..." फोन बंद झाला.

घरी सुनेनं पिशवीत नाक घातलं आणि डोळे मिटून तशीच बसली. मग एकामागून एक अकरा लिच्या खाल्ल्या. मी मोरीच्या दाराकडे बघत राहिले, पण ती उठली नाही. साली गोळा करता करता म्हणाली, "आई, ही कशी ओळखलीत?"

"फळवाला चांगला भेटला," मी म्हटलं.

ती हसली. "थांबा, माझ्या आईला सांगते. आज उचलेल कदाचित." तिनं फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून मधे ठेवला. तो वाजत वाजत बंद झाला.

"कामात असेल," ती म्हणाली.

"व्हय, असंल," मी म्हटलं.