रीळ तुटेपर्यंत

दगडूनाना पेटलेली उदबत्ती घेऊन ऑर्गनभोवती फिरू लागले की नवख्याला वाटे, पूजा चालली आहे. पूजा कसली! मी पायाने भाता मारायचा आणि धूर जिथे आत ओढला जाईल तिथे भोक, हे त्यांचं निदान. "डोळ्याला दिसत न्हाई, ते धुराला घावतंय," म्हणायचे.

नाना मूळचे वेल्ह्याचे. एका संगीत नाटक मंडळीत ऑर्गन उचलायच्या कामाला लागले आणि ऐकून ऐकून वाजवायला शिकले. पुढे बोलपट आले आणि मंडळी भोरातच मोडली. नट पांगले, विलायतेहून आलेलं ते धूड थिएटरातच राहिलं आणि उंदरांनी त्याचा भाता खाल्ला. थिएटरात सिनेमा सुरू झाला, मी मशीन चालवायला लागलो. थिएटरचे मालक नानांना म्हणाले, "ऑर्गन वाजता करा. उत्सवात नाटक लावू." एवढ्या एका शब्दावर या भल्या माणसाने दोन वर्षं घातली.

भात्याचं कातडं ते वेल्ह्यावरच्या धनगरवाड्यातून स्वतः निवडून आणत. मेंढीचंच हवं. "बकरं आडमुठं. मेंढरू मरून बी मऊ ऱ्हातंय." एकेक सूर, म्हणजे आवाजाची पितळी पट्टी, काढून पुसला, घासला. मी घाई केली की चिडत. "सूर जास्ती घासला तर परत भरून येत न्हाई, बाबा."

ऑर्गन वाजू लागला. उत्सव आला. मालकांनी बोलपटच लावला आणि नानांना सांगितलं, "रीळ तुटलं की वाजवा. म्हणजे लोक ओरडत नाहीत." मला संताप आला, पण नोकरी त्यांचीच, गप्प बसलो. नाना धुतलेलं धोतर नेसून पडद्याशेजारी बसले. एरवी खेळात तीनदा तुटायचं, पण या वेळी नेमकं नवंकोरं रीळ आलेलं. चौथ्या दिवशी मला राहवेना. मीच ते कात्रीने कापलं.

नानांनी नांदी धरली. लोक सिनेमासाठी शिट्ट्या मारू लागले. अंतऱ्याशी मालकांनी खालून हात केला आणि मी रीळ जोडून मशीन चालू केलं. पडद्यावरची बाई गाऊ लागली. नानांचे पाय थोडा वेळ हलत राहिले.

खेळ सुटल्यावर मी म्हणालो, "नाना, रीळ मीच तोडलं होतं. तुमच्यासाठी."

नाना म्हणाले, "मालकानं फशिवलं, त्येचं काय न्हाई. पर तू तोडलंस, तर पुरतं तरी वाजू द्यायचं हुतंस रं."

ते वेल्ह्याला गेले, ते कायमचे. नांदीला आणखी दोन मिनिटं लागली असती. मालकांनी मला फार तर काढून टाकलं असतं.