मागची सीट

"खड्डा चुकवायचा नाही. घाल त्यात!" मागच्या सीटवरून असा हुकूम आला की गाडी विकणारा माझ्याकडे बघायचा आणि मी आभाळाकडे. जुनी गाडी बघायला गेलेला कोणीही आधी बोनेट उघडतो, टायरला लाथ मारून बघतो. आमच्या शेजारचे काका थेट मागे जाऊन बसायचे, डोळे मिटायचे आणि कमरेमागे हात ठेवायचे.

कंबर त्यांची ठणठणीत होती. दुखायची ती काकूंची. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्या एकदा रिक्षाने वटारला माहेरी निघाल्या आणि वाटेत असा हिसका बसला की महिनाभर अंथरुणाला खिळल्या. तेव्हापासून त्यांनी जिना उतरणंच सोडलं. तिकडे वाडीत त्यांची म्हातारी आई वाट बघत होती.

आता तुम्हीच सांगा, आठवडाभर मुंबईला ये-जा करणाऱ्या माणसाला रविवारी काय हवं असतं? झोप! पण तेव्हा, नव्वदच्या दशकात, आमच्या बिल्डिंगमध्ये गाडी चालवता येणारा मी एकटा. काका बेल वाजवायचे, "उठलास? घाई नाही हो," म्हणायचे आणि दारातच उभे राहायचे.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक मारुती, एक फियाट. माझ्या मनात मारुती भरली होती. स्टिअरिंग हलकं, पिकअप झकास, वाड्यांमधल्या अरुंद वळणांवर अलगद वळायची. फियाटचा क्लच दाबून दाबून माझा गुडघा भरून यायचा.

"काका, फियाटचं रोज काहीतरी करत बसावं लागेल. पाणी बघा, ऑइल बघा."

"बघू की. घरातल्या माणसाचं नाही करत आपण?"

"मारुती पळते बघा कशी!"

"पळून जायचंय कुणाला?"

वटारच्या देवळाअलीकडे एक मोठा खड्डा होता. दोन्ही गाड्या त्यातून किती वेळा काढल्या, देव जाणे. मारुती टुणकन उडायची. फियाट डुलत आत जायची आणि डुलत बाहेर यायची. तरी काकांचं आपलं, "पुढच्या रविवारी परत बघू."

एकदा मी वैतागलोच. "अहो, अजून काय बघायचं राहिलंय?"

ते हळूच म्हणाले, "अरे, एकदाच उतरेल ती. तेव्हा दुखलं, तर परत कधी उतरायची नाही."

मी गाडी वळवली आणि पुन्हा खड्ड्यात घातली.

अखेर फियाट घेतली. रविवारी वटारला जायचं ठरलं. शुक्रवारी काका ऑफिसातून आले, खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

गाडीवर धूळ साचत गेली. मी अधूनमधून खाली जाऊन इंजिन सुरू करायचो, एवढंच. मग एका रविवारी बेल वाजली. दारात काकू, भिंतीला धरून उभ्या.

"गाडी नुसती उभीच आहे रे. आई वाट बघतेय. नेशील?"

त्या मागे बसल्या. वाटेतले सगळे खड्डे मी जिवाच्या आकांताने चुकवले. देवळाअलीकडचा मात्र रस्ताभर पसरलेला, तो चुकवता येईना.

"काकू, घट्ट धरा."

फियाट डुलत आत गेली, डुलत बाहेर आली. मी आरशात बघितलं. काकूंनी कमरेमागे हात ठेवला होता, अगदी तसाच.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं होय," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून हमसून हमसून रडल्या.