पैसे देऊन आणलेलं उसनं पुस्तक

आईचे डोळे अधू झाले आणि तिची पुस्तकं कपाटात नुसती पडून राहू लागली, तेव्हा मी तिच्यासाठी ई-बुक वाचायचं यंत्र घ्यायचं ठरवलं. चेन्नईत, वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यावर महिनाभर खल चालला होता. एका दुकानाची पुस्तकं फक्त त्याच दुकानाच्या यंत्रावर उघडतात. दुसऱ्याची म्हणे बऱ्याच यंत्रांवर चालतात, पण आधी कॉम्प्युटरवरून परवानगी मिळवायची, आणि ती मिळेपर्यंत वाचायची हौसच फिटते. तिसऱ्याची नुसती फोनवर, आणि फोनवर आईच्या डोळ्यांना लगेच पाणी येतं. कॉम्प्युटरच्या नोकरीत माझा जन्म गेला, तरी या कुलपांनी मला रडकुंडीला आणलं. शेवटी पहिल्या दुकानाचं यंत्र घेतलं. त्याचा पडदा कागदासारखा होता आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येत होतं.

आईनं त्यावर एक जाडजूड कादंबरी वाचून संपवली आणि लगेच म्हणाली, "आता हे मावशीला पाठव."

मावशी म्हणजे, चेन्नईच्याच आवडी या उपनगरात आम्ही आधी राहायचो, तिथल्या क्वार्टर्समधली आमची शेजारीण. तिचे यजमान आणि माझे बाबा एकाच कारखान्यात होते. घर तंजावरकडचं, बोलणं मराठी, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळ. आमच्या पायरीवर बसून आईनं तिला देवनागरी शिकवली, आणि मग तिला वाचनाचं असं वेड लागलं की चुलीवरचा भात करपायचा. सुट्टीत गावी गेलेल्या कुणी नवी कादंबरी आणली की ती घरोघर फिरायची आणि परत येताना ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघराची खूण घेऊन यायची. रसमचा डाग म्हणजे मावशी. आई तो डाग मला दाखवायची आणि म्हणायची, "बघ, इथे जेवण सोडून रडत बसली असणार." त्या पानांचा वास मला अजून आठवतो, आणि आठवला की आवडीला परत राहायला जावंसं वाटतं.

"पाठवता येत नाही," मी आईला सांगितलं. "तिच्या फोनवर हे उघडणार नाही. आपण फक्त वाचायचा हक्क घेतलाय. दुकानाच्या मनात आलं तर उद्या काढूनही घेतील."

"म्हणजे पैसे देऊन उसनं आणलंस?"

मी कपाळाला हात लावला. आई मात्र अशानं अडणारी नाही. तिनं त्या यंत्रालाच शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं आणि माझ्या हातात दिलं. रविवारी मी ते आवडीला पोचवलं.

मावशीनं ते उलटसुलट करून पाहिलं. "अय्यो, हे तर पलगै!" म्हणाली. पलगै म्हणजे तमिळमध्ये फळी. "वास पण नाही की गं ह्याला." मला हसू आलं, पण तिचं खोटं नव्हतं.

महिन्याभरानं मावशी स्वतःच यंत्र परत घेऊन आली. "रोंब छान होतं, खूप छान. शेवट तर फारच छान," म्हणाली, कॉफी प्यायली आणि गर्दी व्हायच्या आत गाडी पकडायला निघाली.

संध्याकाळी आईनं यंत्र उघडलं. "अगं, बिघडलं की हे." पडद्यावर जेमतेम चार शब्द मावत होते.

बिघडलं काहीच नव्हतं. कुणीतरी अक्षर होईल तेवढं मोठं केलं होतं. आईला एवढं मोठं कधी लागलं नव्हतं. आणि पुस्तक उघडलं होतं ते पहिल्या प्रकरणाच्या शेवटावर. मावशीनं आजवर एकही पुस्तक अर्धवट परत केलं नव्हतं. आई ते चार शब्द बघून म्हणाली, "तिला फोन लाव."

मी फोन स्पीकरवर ठेवला.

"हे बघ," आई म्हणाली, "मला हल्ली एकटीनं वाचायला करमत नाही. रोज दुपारी मी फोनवर मोठ्यानं वाचीन, तू नुसती ऐक. हीच कादंबरी पहिल्यापासून परत वाचू."

"सरी, चालेल," मावशी म्हणाली. "पण पहिलं प्रकरण झालंय माझं. दुसऱ्यापासून वाच."