कॉम्प्युटरने वाचवलेली वीज

सुरतजवळच्या उधन्याच्या ज्या लूम, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मी मेहताजी म्हणून हिशेब लिहायचो, तिथे नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटर आला. शेठने नारळ फोडला. व्यापारी मंडळातल्या एका पाहुण्याने भाषण ठोकलं: आता देश माहितीवर चालेल, कोळशाची गरजच उरणार नाही. वीज गेलेली असल्यामुळे माइक जनरेटरवर होता आणि डिझेलचा धूर पहिल्या रांगेत येत होता. मला तिथूनच शंका यायला लागली.

कॉम्प्युटरला काचेची खोली मिळाली, खोलीला एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. एवढा मान आमच्याकडे फक्त देव्हाऱ्याला होता, पण देवाला एसी नव्हता.

मग लूमच्या प्रत्येक ओळीला वेगळा मीटर लागला. आकडे मी टिपून आणायचे आणि कोणती ओळ जास्त वीज खाते ते कॉम्प्युटरने सांगायचं. त्याने सांगितलं: काचेच्या खोलीला लागून असलेली. शेठने ती ओळ भंगारात काढायचं ठरवलं. तिच्यावर धुळ्याकडचा, माझ्या शेजारी राहणारा कारागीर होता. पन्नाशीच्या माणसाला दुसऱ्या कारखान्यात कोण उभं करणार?

"आते काय करू, भाऊ?" तो म्हणाला. "लूम तेच, कापड तेवढंच. जास्तीची वीज मी पितो का?"

मी शेठकडे गेलो. "मेहताजी," ते म्हणाले, "खोटं माणूस बोलतो. कॉम्प्युटरला काय पडलंय?"

सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम कारखान्यात गेलो. लूम सगळे बंद, काचेच्या खोलीत कॉम्प्युटरचा ऑपरेटर एकटा. त्या ओळीच्या मीटरची चकती मात्र निवांत फिरत होती. मी शेठला बोलावलं आणि त्यांच्यासमोर एसी बंद करायला लावला. चकती थांबली. वायरमनने जवळ पडतं म्हणून एसीची वायर त्याच ओळीवरून ओढली होती.

"चालू करा," शेठ म्हणाले. चकती फिरली. मग त्यांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

एसी ऑफिसच्या मीटरवर गेला. पुढच्या महिन्यात कॉम्प्युटरने छापून दिलं, लूमची वीज घटली. शेठने पेढे वाटले, त्या पाहुण्यालाही फोन केला. ऑफिसच्या मीटरचे आकडे कॉम्प्युटरला द्यायची पद्धतच नव्हती. तेवढं बोलायला मी उठलो, तर कारागिराने माझ्या हातात पेढा ठेवला.

"खाई ल्या, भाऊ. मना लूम चालू शे. आते गप बसा."

मी खाल्ला.