बिनटिकलीचा राजा

माझ्या बाबांनी 'मी हरलो' असं म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. हरत नव्हते असं नाही. नागपूरच्या घरी आमचा बुद्धिबळाचा पट स्टुलावर मांडलेला असायचा, आणि त्यांचा राजा कोपऱ्यात सापडला की ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "चहा आण गं." आई ट्रे घेऊन यायची. ट्रे ठेवायला दुसरी जागा नसायची, मग पट उचलला जायचा. असे माझे निदान शंभर विजय चहात बुडालेले आहेत. मी चिडकी मुलगी होते, आजही आहे, आणि त्यातला एकही विसरलेली नाही.

२००५च्या हिवाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे अमेरिकेत, रेडमंडला आले. आईने दोन दिवसांत शेजारच्या गुजराती मावशी शोधल्या आणि तिचं छान चाललं. बाबांचं अडलं. निवृत्त पोस्टमास्तर माणूस, गाडी चालवता येत नाही, बाहेर सदा पिरपिर पाऊस. इथला पोस्टमन गाडीतून न उतरताच पत्रं टाकतो हे पाहिल्यापासून त्यांचं या देशावरून मनच उडालं होतं. तिसऱ्या आठवड्यात ते पिझ्झाच्या जाहिराती लाल पेनाने तपासायला लागले, तेव्हा मी त्यांना शनिवारी माझ्याबरोबर शोगीला नेलं.

शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या नादाने मी दोन वर्षं खेळत होते. गावातल्या कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत पंधरा-वीस जण जमायचे, आणि सत्तरीचे एक जपानी आजोबा सगळ्यांवर लक्ष ठेवायचे. बाबांचा वेळ जावा म्हणून नेलं, असं मी आईला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. या खेळात राजा मारेपर्यंत कोणी खेळत नाही. हरणाऱ्याने वाकून, स्वतःच्या तोंडाने 'मी हरलो' म्हणायचं, तेव्हा डाव संपतो. चहाने संपत नाही.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. मी कार पार्क करून येईपर्यंत बाबा आत जाऊन बसले होते, तेही दारापासून सगळ्यांत लांबच्या जागी, कारण दारातून गार वारा येत होता. समोर सोंगट्यांचा डबा बंद दिसला. रिकामं बसायचं कसं, म्हणून यांनी तो उघडला, सोंगट्या पटावर ओतल्या आणि दोन राजांमधला एक स्वतःकडे घेतला.

आता या दोन राजांत फरक एवढाच, की एकावरच्या अक्षरात टिकलीएवढा ठिपका असतो आणि दुसऱ्यावर नसतो. बिनटिकलीचा राजा वरच्या दर्जाच्या खेळाडूने घ्यायचा. डबा त्यानेच उघडायचा, दारापासून लांब त्यानेच बसायचं आणि शेवटी सोंगट्या भरायच्याही त्यानेच. बाबांनी नकळत सगळ्या खोलीला सांगून टाकलं होतं, की इथला सगळ्यांत मोठा खेळाडू मी आहे. आजोबा उठले, कमरेत वाकले आणि मुकाट्याने दाराकडच्या जागेवर येऊन बसले.

"बाबा, तिथून उठा प्लीज," मी म्हणाले.

"का? इथे रिझर्व्हेशन आहे?"

डाव सुरू झाला. बाबांना कुठली सोंगटी कशी चालते हेही धड माहीत नव्हतं, मी मागून कुजबुजत होते. त्यांनी हत्ती फुकट दिला, तेव्हा आजोबा पंधरा मिनिटं डोळे मिटून बसले. एवढा मोठा माणूस हत्ती देतो, म्हणजे काहीतरी डाव असणार. पुढे प्रत्येक चुकीला असंच झालं. मग एकदाचं त्यांनी अगदी घाबरत बाबांच्या राजाला घेरलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघू लागले.

"हे का थांबले?" बाबांनी विचारलं.

"हरलो म्हणायचं असतं."

"कोणी?"

"तुम्ही."

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "इथे चहा मिळतो का?"

चहा मिळत होता, पण बिनदुधाचा आणि हिरवा. बाबांनी एक घोट घेतला, "गवताचं पाणी आहे," असा निकाल दिला आणि कप संपवला. तरी आजोबा थांबलेलेच. शेवटी त्यांनाच अवघडलं. ते वाकून म्हणाले, आज फार शिकायला मिळालं.

"बघ," बाबा मला म्हणाले, "त्यांनी मान्य केलं."

घरी जाताना मी खरं काय ते सांगितलं, तर त्यांना शरम वाटण्याऐवजी हुरूपच आला. दर शनिवारी माझ्याआधी बूट घालून तयार. आजोबांनी त्यांना पंधराव्या पायरीवर ठेवलं. या पायऱ्या उतरत्या असतात, पंधरावा म्हणजे अगदी नवशिका. बाबांनी नागपूरला फोन करून काकांना कळवलं, अमेरिकेत पंधरावा आलो. मार्चपर्यंत ते बाराव्या पायरीवर पोचले आणि तिकडे पेढे वाटले गेले.

पण ते दोन शब्द काही येईनात. हरले की ते नुसते वाकायचे, अगदी मनापासून, आणि वयाकडे बघून आजोबा तेवढ्यावर सोडायचे. एकदा त्यांनी बाबांना सांगूनही पाहिलं, की कुठल्याही भाषेत चालेल, फक्त ऐकू आलं पाहिजे. त्या दिवशी बाबांनी घसा बसल्याचं कारण दिलं. माझ्याशी खेळायचं तर ते टाळतच होते. त्यांच्या परतीचं विमान मंगळवारचं होतं, आणि आदल्या शनिवारी आजोबांनी आपणहून आमची जोडी लावली.

मी तेव्हा पाचव्या पायरीवर होते. म्हणजे लांबची जागा माझी, डबा माझा, राजाही माझा. आणि मी दारातच उभी राहिले. ज्यांच्यासमोर खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचीही सवय नव्हती, त्यांना वाऱ्यात बसवून आपण वर कसं बसायचं?

"बाबा, तुम्ही आत बसा. वारा लागेल."

"नंबर कोणाचा वरचा?"

"माझा, पण..."

"मग? पार्सलचं वजन जास्त भरलं की तिकीट जास्त लागतं. तिथे ओळखदेख चालत नाही." आणि मफलर कानावर ओढून ते दाराकडे बसले.

मी डबा उघडला. वडिलांना मान द्यायच्या सवयीने बिनटिकलीचा राजा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो एका बोटाने माझ्याकडे सरकवला आणि टिकलीचा उचलला. "माझा हा," म्हणाले. मला रडूच यायला लागलं, आणि रागही आला. अशा माणसाला मनासारखं हरवायचं तरी कसं?

तरी हरवलं. वरच्या पायरीच्या खेळाडूने सवलत द्यायची, या नियमाप्रमाणे मी माझा हत्ती आधीच काढून ठेवला होता, आणि तासभर त्यांनी मला चांगलंच झुंजवलं. मग त्यांचा राजा सापडला. त्यांनी पटाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात आजोबांनी दोन कप आणून बाजूच्या टेबलावर ठेवले. बाबांनी कप उचलला. त्यांनी तो न पिताच खाली ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले आणि मफलरचं टोक पटाला लागेल एवढे वाकून खणखणीत आवाजात म्हणाले, "मी हरलो."

इतक्या शनिवारांत जपानी शब्द त्यांना पाठ झाले होते, इंग्रजी तर येतच होतं. ते मराठीत म्हणाले, आणि त्या खोलीत मराठी कळणारी मी एकटीच होते.

मी उडी मारायला हवी होती. मला साधं वाकायचंही सुचेना.

"आता सोंगट्या भर," बाबा हळूच म्हणाले. "जो मोठा, त्याने भरायच्या असतात."

घरी आई बॅगांची वजनं करत होती. तिने वर न बघताच विचारलं, "कोण जिंकलं?"

"डाव अर्धवट राहिला," बाबा बूट काढत म्हणाले. "चहा आला."

इतके महिने ज्याला ते गवताचं पाणी म्हणत होते, त्याला पहिल्यांदाच चहा म्हणाले. आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले, "चहा आला."