मैत्रिणीचं पुढे काय होतं?

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतला नायक मनातलं सांगायला नायिकेला दूर माळावर फिरायला नेतो. नारपोलीला मैत्रिणीच्या घरी बसून आम्ही दोघी हे वाचायचो, तेव्हा तिला हसू आवरायचं नाही. "आपल्याकडं मानकोली नाक्यावर प्रेम सांगायचं तर आधी कंटेनर जाऊ द्यावा लागंल," म्हणायची.

कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकाची प्रत एकच असायची. म्हणून ती वाचायची आणि मी ऐकायचे. ऐकायचे म्हणजे काय, बघायचे. तिच्या वडिलांचे कापड विणायचे लूम घराखालीच होते. ते चालू असले की वर मांडणीतले पेले थरथरायचे. त्या खडखडाटात कामगार घसा फोडत बसत नाहीत, नुसते ओठ हलवून बोलतात. ती ते लहानपणीच शिकली होती आणि मी तिच्याकडून शिकले. प्रेमाच्या कितीतरी कबुल्या मी अशा तिच्या ओठांवर वाचल्या आहेत. लाईट गेली की लूम थांबायचे. मग मात्र ती खणखणीत आवाजात वाचायची. नायकाचा तोरा, नायिकेच्या आईची कुरकूर, सगळं त्या आवाजात असायचं.

आमचं भांडण शेवटच्या प्रकरणावरून व्हायचं. लग्न लागलं की माझे डोळे भरून यायचे आणि तिचं डोकं फिरायचं. "आणि नायिकेची मैत्रीण? पुस्तकभर हिचं रडणं ऐकलं, आजारपणात उशाशी बसली. आता तिला एक ओळ? गरज सरो, वैद्य मरो!" मी म्हणायचे, प्रेमाची गोष्ट आहे, मैत्रिणीला कुठे कुठे न्यायचं? ती पुस्तक मिटून टाकायची.

मी प्रेमविवाह करून कशेळीला आले. संसार चांगला झाला, नवराही चांगला मिळाला. पण त्याच्यावर चिडले की ते सांगायला मी नारपोलीलाच जायचे. तिचं सासर ठाण्याला, पण तोवर ती नारपोलीच्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागली होती आणि शाळा सुटली की माहेरी थांबायची. वर्ग दंगा करत असला तरी तिच्या एका हाकेत चिडीचूप व्हायचा.

गेल्या वर्षी तिचा आवाज बसला तो बसलाच. घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढलं तर ती वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. तिने साफ नकार दिला. तिच्या मुलीचा मला फोन आला, "खाला, आता तुम्हीच समजवा. आमचं कुणाचं ऐकत नाही."

मी गेले तेव्हा लाईट गेलेली होती आणि खाली सगळं शांत होतं. ती माहेरच्या त्याच घरात खिडकीशी बसली होती. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मुकी होऊन जगू? अगो, लोक चार दिवस माझ्या खुणा समजून घेतील. मग कंटाळतील. त्या पुस्तकांतल्या मैत्रिणीसारखी कोपऱ्यात पडून ऱ्हायची मी."

मला तिचा राग आला. त्याहून जास्त भीती वाटली.

तेवढ्यात लाईट आली. खाली लूम सुरू झाले, पेले थरथरू लागले. मी आवाज चढवला नाही. नुसते ओठ हलवून विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

तिने सवयीने तसंच उत्तर दिलं, "पेज. मुलगी दुसरं काय देतेय?"

मग मी माझ्या सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं. तिने माझीच चूक काढली. मी चिडले, ती हसली. दारात तिची मुलगी उभी होती. ती ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, तिला एक अक्षर कळत नव्हतं. ती नुसती आमच्या तोंडांकडे बघत होती.

मध्येच माझी मैत्रीण थांबली. तिचा हात आपोआप गळ्याशी गेला. इतका वेळ आपण आवाजाशिवायच बोलतोय, हे तिच्या ध्यानात आलं. तिचे डोळे भरले. माझे तर केव्हाचेच भरले होते.

तिचे ओठ हलले, "आणि शेवटच्या प्रकरणात?"

"मैत्रीण हाय," मी तशीच म्हणाले. "कुठं जानार न्हाय."

ती मुलीकडे वळली आणि उरलासुरला सगळा आवाज एकवटून लूमच्या खडखडाटावर ओरडली, "डॉक्टरला फोन लाव!"