सईची बातमी मला शिंदेंकडून कळली

आज दुपारी मी चक्क जळलो, मंडळी. तेही शाळेच्या एका मेसेजवरून.

मी ओमानमध्ये दुक्मला प्रोजेक्टवर असतो. बायको आणि दहावीतली सई मस्कतला. महिन्यातून दोनदा घरी जातो. आज साइटवर जेवताना शेजारी बसलेल्या सहकारी शिंदेंचा फोन वाजला. त्यांचा मुलगा सईच्याच वर्गात आहे. मेसेज वाचून ते म्हणाले, "अभिनंदन! तुमची सई हाऊस कॅप्टन झाली की!"

"हो ना," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं. शिंदेंना हजेरीचा नवा नियम माहीत, अकरावीच्या विषयांची मीटिंग कधी ते माहीत आणि माझ्या मुलीची बातमीही माझ्याआधी! ताट तसंच ठेवून उठलो.

बाहेर येऊन बायकोला फोन लावला. "शाळेचे मेसेज मला का येत नाहीत?"

"तूच नंबर काढायला लावलास ना? साइटवर सारखा फोन वाजतो म्हणून."

मग शाळेच्या ऑफिसला फोन करून नंबर परत घालायला सांगितला.

संध्याकाळी फोनवर सई म्हणाली, "सॉरी बाबा, मला वाटलं तुम्ही बिझी असणार. सो आय डिडन्ट कॉल."

हे जास्त लागलं.

आत्ताच पहिला मेसेज आला. उद्या पीटीचे पांढरे बूट घालून पाठवा. मी तो दोनदा वाचला. तरी शिंदेंवरचा राग गेलेला नाही, आणि त्या बिचाऱ्यांनी फक्त मेसेज वाचला होता.

घरापासून लांब राहणाऱ्या बाबांनो, मुलांच्या शाळेत काय चाललंय ते तुम्हाला कोण सांगतं?